सातबाऱ्यावर नाव, हातात कोळपं : वाचकांचे प्रश्न

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे शेतकरी महिलांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. 2015-16 च्या कृषिगणनेत मात्र देशातल्या वहितीधारकांमध्ये (शेती चालवणारे म्हणून नोंद झालेल्यांमध्ये) बायका जेमतेम 14 टक्के होत्या. खुरपणी, वेचणी, लावणी बायकांकडे आणि खातं पुरुषाच्या नावावर, असा हा हिशेब आहे. आलेल्या पत्रांतली बहुतेक नाव लावण्याबद्दलची असल्यामुळे या वेळी त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पती वारले. त्यांच्या नावावर पाच एकर जमीन आहे. घरात मी, सासूबाई, एक मुलगा आणि दोन मुली. गावात सांगतात, 'मुलाचं नाव वर लावू, तुम्हा बायकांची नावं इतर हक्कात टाकू, म्हणजे काम लवकर होईल.' हे बरोबर आहे का? (परभणी जिल्हा)

उत्तर : अजिबात नाही. काम लवकर होतं हेही खरं नाही, कारण दोन्ही नोंदींची कार्यपद्धती एकच आहे.

सातबाऱ्यावर दोन वेगळ्या जागा असतात. मालकाचं नाव भोगवटादाराच्या, म्हणजे बोलीत कब्जेदाराच्या रकान्यात लागतं. 'इतर हक्क' हा रकाना बँकेचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क अशा गोष्टींसाठी आहे. बायकोचं किंवा बहिणीचं नाव तिथे टाकण्याची जुनी खोड महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसते. नाव कागदावर दिसत असल्यामुळे बाईला वाटतं की काम झालं. पण पीककर्ज, अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक या सगळ्यासाठी भोगवटादाराचा रकाना पाहिला जातो. उद्या मुलानं जमीन विकायला काढली तर घेणाराही आधी तोच रकाना वाचतो.

तुमच्या हिश्श्याचं म्हणाल तर हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. जमीन पतीनं स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर तुम्हा पाच जणांचे पाच समान हिस्से, म्हणजे प्रत्येकी एक एकर. वडिलोपार्जित असेल तर आधी पतीचा हिस्सा किती ते ठरतं आणि मग तो वाटला जातो. आकडा बदलेल, पण तुमचं, सासूबाईंचं किंवा मुलींचं नाव यादीतून गळणार नाही. मुली लग्न होऊन गेल्या असल्या तरीही.

आता करायचं काय? मृत्यूचा दाखला, सर्व गटांचे सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा), आधार, शिधापत्रिका आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र एवढं जमवा. अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) द्या किंवा ई-हक्क प्रणालीवर भरा. हातानं दिला तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण मध्ये काय काय होऊन जातं त्याचा नेम नाही.

त्यानंतर चौकशी होऊन गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद होते, मग नमुना 6 मध्ये फेरफार (नावबदलाची नोंद) धरला जातो. कलम 150 ची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि शेवटी मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. लक्ष ठेवायचं ते याच पंधरा दिवसांत. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाचं नाव निवडून आपला फेरफार उघडा आणि कोणाचं नाव कोणत्या रकान्यात धरलं आहे ते स्वतः वाचा. चूक दिसली तर त्याच मुदतीत लेखी हरकत द्या. मंजुरीनंतर पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि पुन्हा तपासा. आधारवर माहेरचं नाव आणि अर्जात सासरचं, यावरून अर्ज अडकल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ते आधी एकसारखं करून घ्या.

मुलगी अज्ञान असेल तर तिच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून तुमचं नाव येतं. ती अठरा वर्षांची झाली की हा शेरा अर्ज देऊन काढायचा असतो. तो आपोआप निघत नाही.

नावं आधीच इतर हक्कात गेली असतील तर जुना फेरफार काढून वाचा. फेरफारात तुम्ही वारस म्हणून बरोबर आहात आणि सातबाऱ्यावर उतरवताना घोळ झाला आहे, असं असेल तर कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज चालतो. फेरफारच तसा मंजूर झाला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं. मुदत साठ दिवसांची आहे. ती उलटून गेली असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा.

प्रश्न : माझं लग्न 1991 साली झालं, वडील 2001 साली गेले. आता भाऊ म्हणतो, 'तलाठ्यासमोर एक सही कर, हक्क सोडला म्हणून.' सही केली तर काय होईल? माझा हक्क मुळात आहे का? (सांगली जिल्हा)

उत्तर : हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 1994 च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीत त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट उडाली. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं वाद चालला. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क जन्मानं येतो, वडील हयात असण्याची गरज नाही. अडचण एकच : 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. 'तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती' हे सांगणं सहसा टिकत नाही.

तलाठ्यासमोरच्या जबाबावरून किंवा साध्या स्टॅम्पवरच्या मजकुरावरून हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तरी सही करू नका, कारण नंतर तो कागद तुमच्याच विरोधात पुढे येतो. कोऱ्या स्टॅम्पवर आणि कुलमुखत्यारपत्रावर तर मुळीच नाही.

माहेर तुटेल ही भीती खोटी नाही, तिला हसण्यात अर्थ नाही. पण 'सोड' किंवा 'भांड' एवढेच दोन रस्ते नाहीत. नाव लागू द्यायचं आणि कसायला जमीन भावाकडेच ठेवायची, हा मार्ग बऱ्याच घरांत चालतो. पैशांची गरज असेल तर हिस्सा भावालाच रीतसर खरेदीखतानं विका, म्हणजे मोबदला कागदावर येतो. सोडायचाच असेल तर खुशाल सोडा, पण आधी सातबाऱ्यावर नाव लागू द्या आणि मग सोडा. आपण काय सोडतोय ते तरी दिसेल.

प्रश्न : मी हयात असतानाच पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायचं आहे. खर्च किती, अडचणी काय? (नाशिक जिल्हा)

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यात, चांदवडला, 1986 साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली आणि गावोगाव पुरुषांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. 1992 साली शासनानं परिपत्रक काढून त्याला वाट करून दिली. पतीनं स्वखुशीनं अर्ज दिला की पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, दोघांचे आधार आणि शिधापत्रिका किंवा विवाहाचा दाखला द्या. जमीन फुटत नाही, त्यामुळे तुकड्याचा प्रश्न येत नाही.

खाते भावांसोबत सामाईक असेल तर तुमच्या हिश्श्यापुरतंच नाव लागेल, म्हणून आधी वाटणी करून घेतलेली बरी. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर त्यांचं पत्र आधी आणा, नाहीतर अर्ज तिथेच थांबतो. नाव लागल्यावर कर्जाला आणि विक्रीला पत्नीचीही सही लागेल. ही अडचण नाही, नाव लावण्याचा हेतूच तो आहे. आणखी पक्कं काम हवं असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. पती-पत्नीतल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. वरचे अधिभार धरून नेमका आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : दोघांच्या नावे जमीन झाली तर पीएम किसानचे पैसे दोघांना मिळतील का? (जळगाव जिल्हा)

उत्तर : नाही. पती, पत्नी आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरलं जातं आणि वर्षाचे 6000 रुपये कुटुंबाला एकदाच मिळतात. दोघांनी अर्ज केले तर वसुलीची नोटीस येते. शेतकरी ओळख क्रमांक मात्र दोघांनीही काढा. तो प्रत्येक खातेदाराचा वेगळा असतो.

प्रश्न : निंदताना साप चावून बाई दगावली. जमीन नवऱ्याच्या नावावर आहे. काही मिळतं का? (गडचिरोली जिल्हा)

उत्तर : गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदाराशिवाय घरातला आणखी एक सदस्य धरला जातो, त्याचं नाव सातबाऱ्यावर नसलं तरी. वय 10 ते 75. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं हे सगळं यात येतं. मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत द्यायचा.

दावे फेटाळले जातात ते कागदांपायी. दुःखाच्या घाईत शवविच्छेदन टाळतात, पोलिसांना कळवत नाहीत आणि मग साप चावला हे सिद्ध होत नाही. बाईला दवाखान्यात नेलं असेल तर केसपेपरवर 'सर्पदंश' हा शब्द आहे ना, ते त्याच दिवशी पाहा. आणखी एक : या 'एका सदस्यात' आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा आणि अविवाहित मुलगी येतात. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर शेतात सर्वात जास्त राबणारी सून या यादीत नाही. तिचं किंवा तिच्या नवऱ्याचं नाव खात्यावर असेल तरच ती बसते.

प्रश्न : आमच्या बचत गटाला खुरपणीसाठी सायकल कोळपी घ्यायची आहेत. शेजारच्या गावात घेतली होती, ती आता गोठ्यात पडून आहेत. असं का होतं? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बहुतेक वेळा कारण अवजारात नसतं, पेरणीत असतं. कोळपं चालायला ओळी सरळ आणि अंतर सारखं लागतं. तिफण कोणी धरली, किती अंतरावर पेरलं हे घरात पुरुष ठरवतो आणि निंदण बाईच्या वाट्याला येतं. म्हणून कोळपं घ्यायचं ठरलं की पेरणीआधी अंतराचं बोलणं करून घ्या. सोयाबीन 45 सेंटीमीटरवर असेल तर 15 ते 20 सेंटीमीटर पात्याचं कोळपं मधून आरामात जातं. फेकून पेरलेल्या रानात त्याचा काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे वेळ. उगवणीनंतर पंधरा-वीस दिवसांत, तण दोन-तीन पानांवर असताना आणि जमीन वाफशावर असताना कोळपं चालतं. ओल जास्त असली की काळी माती पात्याला आणि चाकाला चिकटून गोळा होतो. फार सुकली तर पातं वरून घसरतं. तण वीतभर वाढलं की पात्यात गुंततं आणि मग 'हे काही कामाचं नाही' म्हणून ते गोठ्यात जातं.

तिसरी गोष्ट दांड्याची. बाजारातली बरीच कोळपी पुरुषाच्या उंचीला बेतलेली असतात. मूठ कोपराच्या उंचीला यावी. वर आली तर खांदे भरून येतात, खाली असली तर कंबर. दांड्याला दोन-तीन भोकं आणि बोल्ट असलेलंच घ्या. घेण्याआधी गटातली सर्वात बुटकी आणि सर्वात उंच अशा दोघींना एकेक तास चालवून पाहायला लावा, दुकानासमोर नव्हे, रानात. पातं रुतत असेल तर त्याचा कोन थोडा सपाट करा, नुसतं घसरत असेल तर थोडा उभा. एका दमात ढकलत नेऊ नका, पुढे-मागे लहान हिसके द्या. दोन झाडांमधलं तण तरीही हातानं काढावं लागेल, ते कोणतंही कोळपं काढत नाही.

हातकोळप्यासाठी अनुदानाची वाट पाहू नका. गावचा लोहार जुन्या सायकलच्या चाकावर बनवून देतो आणि पातं बोथट झालं की ठोकून धारही लावून देतो. मोठं यंत्र घ्यायचं असेल तर महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करा. कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अल्प-अत्यल्प भूधारक शेतकरी यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के अनुदान आहे. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र घेतलं तर बिल नाकारलं जातं, हे दरवर्षी कोणी ना कोणी विसरतं. अर्ज बाईच्या नावे करायचा तर सातबारा तिच्या नावे हवा. आणि पॉवर वीडर (इंजिनावर चालणारं निंदणी यंत्र) घेणार असाल तर तो चालवायला गटातल्याच दोघी शिकतील, हे खरेदीच्या ठरावातच लिहून घ्या. नाहीतर यंत्र आलं की ते पुरुष चालवतो आणि बायकांचा निंदणाचा रोज तेवढा जातो.

प्रश्न : आमच्याकडे एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर फक्त नवऱ्याचंच नाव आहे. मग माझा हक्क नाही का? (पेडणे, गोवा)

उत्तर : गोव्याचा कायदा वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर तिथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि त्यात दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा असतो. जमीन विकायला तुमची संमती लागते. उताऱ्यावर नाव नसलं तरी हा हक्क राहतो, पण घेणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडून मामलेदार कार्यालयात नाव लावण्याचा अर्ज द्या.