सायकलीचं विचारा: दगडातून उतरताना हात काहून अकडतात?

प्रश्न: नमस्कार. मी गिट्टीखदानला राहतो, रोज सकाळी फुटाळा, सेमिनरी हिल्स, मग काटोल रोडनं गोरेवाड्याकडे असा फेरा मारतो. हार्डटेल आहे (म्हणजे मागं शॉकअप नसलेली), पुढे १०० एमएमचा शॉकअप, टायर २.२५ इंचाचे, आत ट्यूब. मागच्या हिवाळ्यात ग्रुपसोबत चिखलदऱ्याला गेलो तर चढ सगळे मारले पण उताराला दगड आले की हात पार अकडून जायचे, एकदा तर हँडलवरून पुढेच गेलो, शेवटी अर्धा उतार सायकल हातात धरून उतरलो आन सगळे पोट्टे हसून राहिले होते. आता डिसेंबरमध्ये पुण्याचे मित्र सह्याद्रीतल्या ट्रेलवर बोलावून राहिले, तिकडं म्हणे नुसते दगडच दगड. नागपुरात प्रॅक्टिसला डोंगर नाही, करू काय? आणि सायकल तिथपर्यंत न्यायची कशी?

उत्तर: भाऊ, नागपुरात डोंगर नाही हे मान्य, पण दगड नाही हे काही पटलं नाही. सेमिनरी हिल्स घ्या नाहीतर सीताबर्डीची टेकडी, हा सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि सह्याद्रीचा कातळही तोच. तिकडे थरावर थर चढत गेले आणि आपण त्या पसाऱ्याच्या पूर्वेच्या काठाला आहो, म्हणून आपल्या वाट्याला टेकड्या आल्या. पण चाकाला उंचीशी काय घेणं, त्याच्याखाली जो दगड येईल तो घरीही आहे. तेव्हा जिथं सायकल न्यायला मनाई नाही अशा ठिकाणी चार बोटं उंचीची एक दगडी पायरी शोधा, ती जमली की मग वीतभराची.

आता तुमचं खरं दुखणं. हँडलवरून पुढे जाणारा माणूस बहुतेक वेळा जोरात असतो म्हणून पडत नाही, तो घाबरून हळू झालेला असतो आणि नेमका दगडावर ब्रेक दाबून बसलेला असतो. पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप खाली बसतो, सायकलचं नाक खाली जातं, तुमचं वजन पुढं येतं, आणि अशा वेळी चाक दगडाला अडलं की ते दगडावरून गोल फिरून जायच्या ऐवजी तिथंच थांबतं, तुम्ही मात्र थांबत नाही. म्हणून वेग जो कमी करायचा तो दगडाच्या आधी, जिथं मुरूम किंवा माती बरी आहे तिथं करा, आणि चाक दगडाच्या कडेला आलं की पुढचा ब्रेक सोडून द्या, पायरी उतरली की परत हळूच धरा. याचा अर्थ पुढचा ब्रेक वापरायचाच नाही असा कोणी काढू नका (आपल्याकडे लहानपणापासून हेच सांगतात, पुढचा दाबला की पडशील), उताराला सायकल खरी थांबते ती पुढच्यानंच, एकटा मागचा दाबला की चाक लॉक होऊन नुसतं घसरत जाते.

हात अकडतात त्याचं कारणही लिव्हरपाशीच सापडेल. चारही बोटं लिव्हरवर ठेवून पूर्ण उतार दाबून धरलं तर कोणाचाही हात भरून येईल. सायकल घरात उभी करा, ५ एमएमची ॲलन की घ्या (काही लिव्हरला ४ची लागते), लिव्हरचा क्लॅम्प ढिला करून तो थोडा आत सरकवा, इतका की ग्रिपवर हात नेहमीसारखा ठेवल्यावर एकटी तर्जनी लिव्हरच्या वाकलेल्या टोकावर पडली पाहिजे. टोकाला जोर कमी लागतो. बाकी तीन बोटं ग्रिप धरायला मोकळी. हायड्रॉलिक डिस्क असेल तर या एका बदलानं फरक पडतो, केबलचे ब्रेक असतील तर केबल आणि पॅड आधी बदलून घ्या, नाहीतर एका बोटानं काहीच होणार नाही.

शरीराचं म्हणाल तर पायडल दोन्ही आडवे एका लेव्हलला, नाहीतर खालचा पायडल दगडाला ठोकतो, कोपरं बाहेर आणि वाकलेली, बूड सीटवरून उठलेलं, आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता चार-पाच मीटर पुढं. हे सगळ्यात अवघड जाते कारण डोळे आपोआप त्या एका भयंकर दगडाकडेच जातात आणि मग चाकही तिथंच जाते. सीट खाली घ्या, ड्रॉपर (चालवता चालवता बटणानं सीट खालीवर करणारा सीटपोस्ट) नसला तरी उताराच्या आधी थांबून दोन-तीन इंच खाली, आणि सीटपोस्टवर टेप लावून मूळ उंचीची खूण करून ठेवा म्हणजे चढाला परत शोधत बसावं लागणार नाही.

हवा! रोज डांबरीवर चालवता म्हणजे ४५-५० पीएसआय भरत असाल. त्या हवेवर टायर दगडावरून टणाटण उडते, पकड मिळतच नाही. वजन सत्तरच्या आसपास असेल तर ट्यूबवर ३०-३२नी सुरू करा, पंचविसाच्या खाली जाऊ नका, काहून की मग दगड आणि रिममध्ये ट्यूब चेमटून सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. ट्यूब काढून ट्यूबलेस केलं तर २२ ते २६ चालते, आणि खर्च करायचाच असेल तर मी शॉकअप बदलण्याआधी पैसे इथं घालीन. पेट्रोल पंपाच्या मीटरवर भरवसा नको, गेज असलेला फ्लोअर पंप घ्या.

सायकल नेताना दुकानातून रिकामा खोका मागून आणा. पायडल काढताना डावीकडचा उलट्या आट्याचा असतो, बाकीच्या नटासारखा फिरवून जोर लावत बसाल तर आटे जातील. डिस्कचं चाक काढलं की कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड बसतात तो भाग) पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला, चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि सकाळी ट्रेलवर जायच्या वेळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावं लागतं. रेल्वेनं नेत असाल तर तिकीट दाखवून लगेज म्हणून बुक करा, नुसती पार्सल म्हणून सोडली तर ती तुमच्याच गाडीनं येईल याची खात्री नाही. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकली तर डेरेलरची (मागची चेन गिअरवर सरकवणारा भाग) बाजू वर. आणि तुमच्याच फ्रेमचा एक जास्तीचा हँगर (डेरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) घरूनच घ्या, प्रत्येक फ्रेमचा वेगळा राहते, तिकडे गावात काही मिळणार नाही.

पुण्याच्या मित्रांना दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा: ट्रेल कोणाच्या जमिनीतून किंवा वनखात्याच्या हद्दीतून जाते का आणि परवानगी घेतली का. नी-पॅड आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज घाला, पाणी दोन-तीन लिटर. आणि एखादा टप्पा पाहून पोटात गोळा आला तर उतरा, आधी पायी खाली जाऊन तो खालून वर पाहा, लाइन, म्हणजे चाक कुठून न्यायचं ते, खालून नीट दिसते. हसणाऱ्या पोट्ट्यांना हसू द्या, त्यांच्यातले निम्मे पुढच्या वळणावर उतरलेलेच असतात.

प्रश्न: मुलगा अकरावीत आहे, त्याला एमटीबीच (डोंगरात चालवायची माउंटन बाइक) पाहिजे. दुकानदार दहा-बारा हजारात दोन्हीकडं शॉकअप असलेली दाखवतो. घेऊ का? (मनीषनगरच्या एक वाचक)

उत्तर: नका घेऊ ताई. त्या किमतीतला मागचा शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग, तिला आवरणारं आत काही नसते, पायडल मारला की सायकल डोलते आणि वजन वाढते ते वेगळंच. तेवढ्याच पैशात मागं शॉकअप नसलेली, बरे ब्रेक असलेली घ्या. साइज मात्र मुलाला दुकानात उभं करून बघा, वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिल्यावर मध्ये दोन-तीन इंच जागा सुटली पाहिजे, पुढं वाढेल म्हणून मोठी घेऊ नका. आणि हेल्मेट त्याच बिलात लावून घ्या, नंतर आणू म्हटलं की राहून जाते.