ऑन्टॉलॉजीला ‘शब्दकोश’ म्हणावं का?

प्रश्न सोलापूरच्या एका वाचकाचा आहे. ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांची नाती यांची पद्धतशीर मांडणी. ‘जीन ऑन्टॉलॉजी’ (जनुकांच्या कामांसाठी), ‘मेश’ (वैद्यकीय निबंधांच्या विषयांसाठी) यांना मराठी लेखात ‘वैज्ञानिक शब्दकोश’ म्हटलं तर चालेल का? ऑन्टॉलॉजीला ‘सत्ताशास्त्र’ हा प्रतिशब्द त्यांना सापडला, पण पटला नाही.

न पटणं साहजिक आहे. तो तत्त्वज्ञानातला शब्द. जनुकांच्या लेखात आला तर वाचकाला निवडणूकच आठवायची. ‘शब्दकोश’ मात्र जवळचा वाटतो आणि तिथंच घोळ होतो.

शब्दकोशात आपण शब्द घेऊन जातो आणि अर्थ शोधतो. इथं उलट. आधी संकल्पना, तिला एक क्रमांक, मग तिची नावं. सोलापुरातल्या ओपीडीत मराठी पेशंट ‘शुगर हाय’ म्हणेल, अक्कलकोटकडचा ‘सक्करे कायिले’, पूर्व भागातली तेलुगू आजी ‘चक्केर व्याधी’ (बहुतेक तीही ‘शुगर’च म्हणेल), आणि डॉक्टर केसपेपरवर ‘डीएम’ (डायबिटीस मेलायटस, म्हणजे मधुमेह) लिहितील. रुग्णांच्या नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्नोमेड सीटी’ या संकल्पनांच्या संचात या आजाराची संकल्पना एकच, क्रमांक ७३२११००९.

याची दुसरी बाजूही आहे. ‘डायबिटीस इन्सिपिडस’ या खूप लघवी होण्याच्या वेगळ्या आजाराच्या नावात डायबिटीस असला तरी त्याचा साखरेशी संबंध नाही. नुसता शब्द शोधला तर दोन्ही एकत्र येणार. मेश ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची १९६० पासूनची सूची. ती दोघांना वेगळ्या फांद्यांवर ठेवते. मधुमेह स्वतः मात्र चयापचयाच्या आणि अंतःस्रावी विकारांच्या अशा दोन्ही फांद्यांवर सापडतो. पबमेड या वैद्यकीय निबंध शोधायच्या संकेतस्थळावर मेशमधली ‘डायबिटीस मेलायटस’ ही नोंद निवडली की टाइप १, टाइप २ चे निबंध न मागता येतात.

जीन ऑन्टॉलॉजी १९९८ मध्ये फळमाशी, उंदीर आणि यीस्टवर काम करणाऱ्यांनी मिळून सुरू केली. तिच्यातल्या नोंदी ‘चा प्रकार’, ‘चा भाग’ अशा नात्यांनी बांधलेल्या असतात. गंमत म्हणजे नाव जीन ऑन्टॉलॉजी, पण नोंदी जनुकांच्या नाहीत. पेशीतल्या कामांच्या आणि जागांच्या आहेत. अमुक जनुक तमुक काम करतं, हे विधान वेगळं नोंदवतात आणि त्याला पुराव्याची खूण जोडतात. ‘आयडीए’ म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगातून, ‘आयईए’ म्हणजे संगणकाने काढलेलं, माणसाने एकेक करून न तपासलेलं. संशोधक ही खूण आधी बघतो.

म्हणून मी मेशला ‘संज्ञासूची’ म्हणेन, जीन ऑन्टॉलॉजीला ‘संकल्पनाजाल’. विधानं साठवणाऱ्या, युनिप्रॉटसारख्या (प्रथिनांची माहिती ठेवणाऱ्या) साठ्यांना सरळ डेटाबेस म्हणा. ‘विदागार’ लिहिलंत, तर पुढच्याच ओळीत ‘म्हणजे डेटाबेस’ लिहावं लागेल.