राज्यचिन्हे मुंबईत कुठे पाहावीत?

प्रश्न : माझ्या सहावीतल्या नातीला महाराष्ट्राच्या राज्यचिन्हांवर प्रकल्प करायचा आहे. आमच्याकडच्या जुन्या पुस्तकात शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण ही चारच नावे आहेत. यादी वाढली आहे का, आणि त्यातले मुंबईत तिला प्रत्यक्ष काय दाखवता येईल?
– एक आजोबा, मुलुंड

उत्तर : आपले पुस्तक खरोखरच जुने झाले आहे. 2015 मध्ये ब्लू मॉर्मन म्हणजेच नीलवंत हे राज्यफुलपाखरू ठरले, 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा, म्हणजे खारफुटीच्या झाडाचा, मान मिळाला आणि 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. राज्यासाठी फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिलेच राज्य होते.

यांपैकी शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, मात्र मुंबईच्या रानात भेटणार नाही. त्यासाठी भीमाशंकर किंवा फणसाड गाठावे लागेल. सोसायटीच्या आवारात दिसणारी पट्टेरी खार वेगळी, हे नातीला आधीच सांगून ठेवावे.

आंब्याविषयी काही सांगायला नको. ताम्हण मुंबईत रस्त्याच्या कडेला पुष्कळ लावलेले आहे आणि एप्रिल ते जून या काळात त्याचे जांभळे तुरे दुरूनही ओळखू येतात. प्रकल्प हिवाळ्यात द्यायचा असला तर तांबूस होऊन गळणारी पाने आणि फांदीवर टिकून राहिलेली टणक, वाळलेली फळे यांवर भागवावे लागेल. हरियालसाठी पिकलेल्या फळांनी लगडलेला वड, पिंपळ किंवा उंबर शोधून सकाळी लवकर त्याच्या शेंड्याकडे पाहावे, कारण हा हिरवट पक्षी पानांत इतका बेमालूम मिसळतो की हालचाल झाल्याशिवाय त्याचे पिवळे पायही दिसत नाहीत. नीलवंत पावसाळ्यात आणि त्यानंतर बागांतून दिसतो. त्याच्या अळ्या माकडलिंबू व इतर लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर वाढतात.

खरी गफलत होते ती चिप्पीच्या बाबतीत. ऐरोलीच्या पुलावरून किंवा लोकलच्या खिडकीतून खाडीकाठी दिसणारी बहुतेक झाडे तिवराची असतात, पांढऱ्या चिप्पीची नव्हेत. चिप्पीची पांढऱ्या पुंकेसरांची फुले रात्री उमलतात आणि सकाळपर्यंत गळू लागतात, त्यामुळे फुलापेक्षा तिच्या चपट्या, हिरव्या फळावरून ओळख पटवणे सोपे जाते. मात्र चिखलात उतरू नये आणि कांदळवनाच्या जाणकाराला सोबत न्यावे.

पापलेटसाठी मासळीबाजार पुरेसा आहे. तिथे चंदेरी पापलेट, म्हणजे आपला सरंगा, शेजारच्या हलव्याशी ताडून पाहावा : हलव्याला इंग्रजीत काळे पापलेट म्हणत असले तरी तो वेगळ्याच कुळातला मासा आहे. नातीने वहीत हलव्याचे छायाचित्र चिकटवले, तर ते बाईंच्या नजरेतून कदाचित सुटेल, कोळिणीच्या नजरेतून नाही.