बीएस्सीनंतर हवामान बदलातलं मास्टर्स परदेशात करावं का?

तुम्ही कळव्याचे, फिजिक्समध्ये बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. विचारताय की हवामान बदलाच्या मास्टर्समध्ये नेमकं शिकवतात काय आणि त्यासाठी घरच्यांना कर्जाच्या फेऱ्यात टाकावं का. मी कोपरखैरण्याची. नेदरलँड्समध्ये वागेनिंगेनला क्लायमेट स्टडीजचं दोन वर्षांचं मास्टर्स करून परत आले, म्हणून लिहिते.

आधी शिकवण्याबद्दल. तुमचं फिजिक्स अजिबात वाया जात नाही. क्लॉशियस-क्लॅपेरॉनचं समीकरण तुम्ही थर्मोडायनॅमिक्समध्ये केलं असेल. हवा 1 अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे त्यातूनच निघतं आणि मुसळधार पावसाची अर्धी चर्चा तिथून सुरू होते. बाकी सगळं संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. माझं संख्याशास्त्र कच्चं होतं, त्यामुळे पहिले दोन महिने रात्री तेच घेऊन बसायचे. तुम्ही आत्तापासून हात बसवा.

एका असाइनमेंटला मी 26 जुलै 2005 निवडला. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त 73. जगभर वापरला जाणारा ईआरए-5 हा माहितीसाठा निरीक्षणं आणि मॉडेल जोडून मागच्या हवामानाचा चौकोनी तुकड्यांचा नकाशा देतो. त्यातला एक चौकोन साधारण 25-30 किलोमीटरचा असतो. सांताक्रूझ आणि कुलाबा जवळजवळ एकाच चौकोनात पडतात, वर त्यात समुद्रही येतो. स्क्रीनवर आलेला आकडा 944 च्या आसपासही नव्हता. आमच्या घरात त्या रात्री बाबा परत आले नव्हते, आणि इथे तो दिवस एका फिक्या निळ्या चौकोनात मावला होता. मॉडेल कुठवर खरं मानायचं, हे त्या दिवशी मला जितकं कळलं तितकं कुठल्या लेक्चरमध्ये कळलं नाही.

दुसरी गोष्ट आफस्लाउटडाइकची. नेदरलँड्समध्ये समुद्र अडवायला घातलेला, 1932 साली पुरा झालेला हा 32 किलोमीटरचा बांध. ओहोटीला समुद्र खाली गेला की आतल्या सरोवराचं पाणी दारांतून आपोआप बाहेर पडतं. समुद्राची पातळी वाढली की ते ओहोटीचे तास कमी होत जातात, म्हणून आता पंप बसवावे लागतायत. सहलीत ते ऐकताना मी बांधावरच थांबले. हे तर आपले धारण तलाव! सिडकोनं नवी मुंबई वसवताना खाडीकाठची सखल जमीन बघून हीच डच पद्धत आणली. भरतीला दारं बंद, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला खाडीत सोडतात. वाशीच्या मिनी सीशोअरला लहानपणी आम्ही संध्याकाळी फिरायला जायचो, तो असाच तलाव. साडेचार मीटरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. माझा 36 क्रेडिटचा थिसिस मग यावरच झाला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: देश बघून जाऊ नका, आपल्या खाडीचा एक प्रश्न घेऊन जा. साधनं तिकडे मिळतात. प्रश्न आपणच न्यावा लागतो.

पैशांचं. इरास्मुस मुंडुस ही युरोपियन युनियनची मास्टर्ससाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर फी भरावी लागत नाही, वर महिन्याला 1400 युरो दोन वर्षं मिळतात आणि किमान दोन देशांत शिकायला मिळतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण वर्षभराच्या राहण्याचा खर्च आधीच खात्यात टाकून दाखवावा लागतो. आपली बीएस्सी तीन वर्षांची असेल तर काही ठिकाणी अर्ज तिथेच अडतो, तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी विद्यापीठाला मेल करून विचारा. शिष्यवृत्ती नाहीच मिळाली तर घर गहाण टाकून जाऊ नका, हे मी आईवडिलांचे कष्ट पाहिलेली मुलगी म्हणून सांगते. इथे एमएस्सी करा. पुढे संशोधनाला पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची सरकारी संस्था आहे, भारताचं पहिलं अर्थ सिस्टिम मॉडेल (हवा, समुद्र, जमीन एकत्र धरणारं पृथ्वीचं मॉडेल) तिथेच तयार झालं. पवईला आयआयटीत क्लायमेट स्टडीज आहे. पीएचडीला बाहेर जायचा रस्ता तेव्हाही उघडा असतो.

आणि एक काम आजच सुरू करा. कळव्यात तुमच्या गल्लीत पाणी शिरतं तेव्हा तारीख, वेळ, भरती किती वाजता होती आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, एवढं वहीत लिहा. फोटो काढून ठेवा. इरास्मुसचे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत भरायचे असतात. तोवर एका पावसाळ्याची नोंद हातात असेल. मोटिव्हेशन लेटरचा पहिला परिच्छेद त्यातूनच लिहा.