मिशनवर निघणाऱ्या तरुणास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या मॉर्मन चर्चच्या जपानमधल्या फुकुओका मिशनची, म्हणजे दोन वर्षांच्या धर्मप्रचाराची, नेमणूक आल्याचे तू कळवलेस, त्याच संध्याकाळी तुझ्या आईचाही फोन आला. तुझ्या आवाजात आनंद मावत नव्हता, तिने मात्र एकच प्रश्न विचारला, "दोन वर्षे परमुलखात दारोदार फिरून हा लोकांची बोलणी खाणार का?" मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. हे पत्र तुझ्यासाठी असले तरी त्यातले अर्धे उत्तर तिच्यासाठी आहे, म्हणून वाचून झाल्यावर ते तिच्या हाती दे.

बोलणी फारशी खावी लागणार नाहीत, हे आधीच सांगतो. 1998 ते 2000 या दोन वर्षांत क्यूशू बेटावर मी हजारो दारे वाजवली असतील, पण अंगावर ओरडणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. इंटरकॉममधून मऊ आवाज येतो, "केक्को देस", म्हणजे "नको, राहू द्या", आणि त्यामागोमाग बहुधा "सुमिमासेन", क्षमा असावी. पहिल्या महिन्यात हे सौजन्य मनाला सुखावते. भर ऑगस्टच्या दमट उन्हात सायकल दामटत दिवसाचे पन्नासावे "केक्को देस" ऐकले की मात्र एखाद्याने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते, असे वाटू लागते, कारण भांडणाऱ्या माणसाशी निदान बोलता तरी येते. या नकाराशी कसे वागायचे, हेच मिशनचे खरे शिक्षण आहे, असे आज इतक्या वर्षांनी माझे ठाम मत आहे, आणि तुला सांगण्यासारखे माझ्यापाशी मुख्यतः तेवढेच आहे.

तुझ्या नेमणुकीच्या मुलखात या नकाराला मोठा इतिहास आहे. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरला. त्याचे शरीर आज आपल्या गोव्यात आहे. पुढे पासष्ट वर्षांनी, 1614 मध्ये, जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि ती उठायला 1873 साल उजाडले. नागासाकीत बदली होऊन गेल्यावर पहिल्याच मोकळ्या सोमवारी मी निशिझाका टेकडीवर गेलो. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तेथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवले होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ 1962 मध्ये उभारलेल्या भिंतीवर त्या सव्वीस जणांच्या मूर्ती आहेत. त्यांत गोन्सालो गार्सिया हे नाव वाचून मी थबकलो. तो वसईचा. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे तो फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघातल्या आपल्या सोबत्यांचा दुभाषा होता, आणि 1862 मध्ये रोमने त्याला संतपद दिले. तो कॅथलिक होता आणि आपला पंथ निराळा आहे, हे मला ठाऊक होते. तरीही चर्चगेटहून लोकलने जाता येते त्या गावचा एक मनुष्य चारशे वर्षांपूर्वी याच टेकडीवर जपानी बोलत मेला, या जाणिवेने मला रडू आले. त्या दिवसापासून इंटरकॉममधला नकार मला निराळा ऐकू येऊ लागला. ज्या समाजाने परक्या धर्मापायी एवढे भोगले, त्यातल्या एखाद्या आजीने दार उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार केला, तर तिचे काय चुकले?

आणि आपल्याकडे तरी काय झाले असते? ह्यू फिन्डले नावाचा आपल्या चर्चचा स्कॉटिश प्रचारक 1852 मध्ये मुंबईस आला आणि तेथून पुण्याला गेला. लष्करी छावणीत उपदेश करण्यास त्याला मनाई झाली, तेव्हा त्याने छावणीबाहेर बिऱ्हाड केले आणि मराठी शिकायला घेतली. 1855 पर्यंत तो पश्चिम भारतात झटला, पण त्याच्याभोवती जमलेली माणसे मूठभरच होती. हा इतिहास मला बंगळूरमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर कळला, आणि मनात पहिला विचार आला तो माझ्या पणजीच्या वाड्याचा. तिच्या दाराशी फिन्डले आला असता तर तिने त्याला गूळपाणी दिले असते आणि त्याचे बोलणे काही ऐकून घेतले नसते.

माझ्या आईनेही माझे ऐकले नाही. तिने एवढेच विचारले, "देवघराचे कोण करणार? वडिलांचे श्राद्ध कोण घालणार?" कुमामोतोमधल्या एका विद्यार्थ्याने मला हाच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारला. त्यांच्या घरी बुत्सुदान असते, म्हणजे पूर्वजांच्या पाट्या ठेवलेले छोटे देवघर, आणि थोरल्या मुलाने ते सांभाळायचे असते. माझ्या अमेरिकन सोबत्यांना हा प्रश्न सिद्धान्ताचा वाटे आणि ते वचने उघडून बसत. तू तसे करू नकोस. तू ज्या घरातून जातो आहेस तेथे हा प्रश्न किती खोल जातो, हे तुला कोणी शिकवण्याची गरज नाही. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला घाई करू नकोस, आणि त्याच्या आईवडिलांना भेटल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नकोस.

नकार घेण्याबरोबर तो देण्याचाही अभ्यास तुला करावा लागेल. आपण चहा-कॉफी घेत नाही, आणि जपानी घरात पाहुण्यासमोर पहिल्यांदा येतो तो ओचा, म्हणजे हिरवा चहा. तुझ्या मावशीच्या घरी चहा नाकारताना तिचा चेहरा कसा पडतो, ते तू पाहिले आहेस. तेथेही तसाच पडेल. पेला तसाच ठेवून गप्प बसू नकोस. थोडक्यात कारण सांग आणि मुगिचा असेल तर आनंदाने घेईन, असे म्हण. मुगिचा म्हणजे भाजलेल्या सातूचे थंडगार पाणी. त्यात चहाचे पान नसते आणि उन्हाळ्यात ते बहुतेक घरांत तयार असते. यजमानाला काहीतरी देता आल्याचे समाधान मिळाले पाहिजे, एवढे ध्यानात ठेव. पुरणपोळीचा आग्रह करणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला याहून अधिक सांगायला नको.

भाषेच्या बाबतीत तू भाग्यवान आहेस. अमेरिकेतल्या प्रोव्हो येथील मिशनऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात माझ्या वर्गातील यूटा आणि आयडाहोची मुले क्रियापद शेवटी का येते, या एका गोष्टीशी दोन महिने झगडत होती. "वाताशी वा मिझु ओ नोमिमास": मी, पाणी, पितो. शब्दांचा क्रम आपलाच, प्रत्ययही आपल्यासारखे नामाच्या मागे लागणारे, आणि तू-तुम्ही-आपण यांतला फरक कळणाऱ्याला तिथल्या आदरार्थी रूपांचे मर्म चटकन उमगते. मी झपाट्याने बोलू लागलो आणि तेथेच चुकलो. बोलता येऊ लागले म्हणून मी बोलतच राहिलो, समोरचा काय म्हणतो, कोठे थांबतो, कोठे "चोत्तो...", म्हणजे "जरा...", म्हणून वाक्य अर्धेच सोडतो, याकडे माझे लक्ष नव्हते. ते अर्धे वाक्य हाच नकार असतो. तो न ऐकता मी एका सज्जन माणसाच्या घरी चार वेळा गेलो, आणि पाचव्यांदा त्यांच्या पत्नीने अत्यंत संकोचाने, मान खाली घालून, येऊ नका असे सांगितले. त्या बाईंवर ती वेळ मी आणली, याची मला अजून लाज वाटते.

आता दोर्योविषयी. कम्पॅनियनला, म्हणजे मिशनवर सतत बरोबर असणाऱ्या जोडीदाराला, तिथले मिशनरी याच जपानी शब्दाने ओळखतात. सकाळी साडेसहाला उठल्यापासून रात्री साडेदहाला दिवा मालवेपर्यंत तुम्ही दोघे एकमेकांच्या नजरेआड व्हायचे नाही, आणि ही जोडी तू निवडलेली नसते. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात, त्यात ती कधी मोडते, कधी तशीच राहते. भांडणे तत्त्वांवरून होत नाहीत. खरकट्या भांड्यांवरून आणि न्हाणीघरात लागणाऱ्या वेळावरून होतात. ती होऊ देत, पण रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी मिटव. माझा तिसरा दोर्यो मूळचा शांत होता. तो जेवेनासा झाला, रात्री भिंतीकडे तोंड करून जागा राहू लागला, आणि मी त्याला अधिक मेहनत कर, अधिक प्रार्थना कर, असे सांगत राहिलो. पाच महिन्यांत तो मायदेशी परतला. तो आजारी होता आणि त्याला वैद्यकीय मदत हवी होती, हे ओळखण्याएवढे शहाणपण एकवीस वर्षांच्या माझ्यात नव्हते. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या जाण्याचे मला आतून हायसे वाटले. मुदतीपूर्वी परतणाऱ्यांकडे आपल्या मंडळींत अजूनही काही जण चमत्कारिक नजरेने पाहतात, आणि ते मला अतिशय अन्यायाचे वाटते. तुझ्या दोर्योला असे काही होत असेल, किंवा तुलाच होत असेल, तर त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटना आणि त्यांच्या पत्नींना सांग. तुला दोन वर्षे पुरी न करता परत यावे लागले, तर स्टेशनवर घ्यायला मी येईन, आणि कोणी काही विचारले तर त्याला माझ्याकडे पाठव.

दर आठवड्याला आकडे कळवायचे असतात: किती जणांना भेटलात, किती धडे दिलेत, किती जण बाप्तिस्म्याला तयार आहेत. हिशोब ठेवण्यात गैर काही नाही, पण आकड्यांची भूक लागली की काय होते, ते आपल्याच इतिहासात नोंदलेले आहे. 1960 च्या सुमारास ब्रिटनमध्ये मिशनऱ्यांनी मुलांचे बेसबॉल संघ बांधले आणि खेळायला आलेल्या पोरांना बाप्तिस्मे दिले. त्यांतली पुष्कळशी पोरे नंतर चर्चकडे फिरकलीही नाहीत. मीही एकदा, सलग तीन आठवडे कोरडे गेल्यावर, एका दारात झालेल्या दोन मिनिटांच्या बोलण्याची नोंद पूर्ण धडा म्हणून केली. ज्येष्ठ सोबत्याजवळ ते कबूल करायला मला चार दिवस लागले. तो रागावला नाही. त्याने वही पुढे केली आणि मी तो आकडा खोडला.

जपानमध्ये आपले पहिले चौघे मिशनरी 12 ऑगस्ट 1901 रोजी योकोहामाला उतरले. त्यांचा प्रमुख हीबर ग्रँट प्रौढ आणि कर्तबगार होता, पण त्याला भाषा जमली नाही, हाती काही लागले नाही, आणि 1903 मध्ये तो परतला. पुढे तो चर्चचा अध्यक्ष झाला आणि 1924 मध्ये जपानचे मिशन त्यानेच बंद केले. तेवीस वर्षांत झालेले बाप्तिस्मे दोनशेसुद्धा नव्हते. चौघांतला सर्वांत लहान अल्मा टेलर तुझ्याच वयाचा, एकोणीस वर्षांचा होता. तो 1910 पर्यंत तेथे राहिला आणि 1909 मध्ये त्याने केलेला मॉर्मन ग्रंथाचा जपानी अनुवाद छापून निघाला. आकड्यांच्या वहीत त्याच्या त्या साडेआठ वर्षांची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

माझ्या वहीत न आलेला सर्वांत मोठा आनंद कागोशिमाचा आहे. समोरच्या साकुराजिमा ज्वालामुखीची राख तेथे अधूनमधून शहरावर पडते, आणि लोक ती झाडून पालिकेने दिलेल्या पिवळ्या पिशव्यांत भरतात. चढावरच्या एका घरात ऐंशीच्या घरातली एक विधवा आजी एकटी राहत असे. तिने पहिल्याच भेटीत आम्हांला "केक्को देस" म्हटले, आणि आम्ही तो शब्द मानला. मग तिच्या हातातला झाडू मागून घेतला. पुढे चार महिने राख पडली की आम्ही जात होतो. ती तिथल्या बोलीतले शब्द शिकवायची, माझे उच्चार सुधारायची, आणि ओबोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या, दिवसांत तिने मला नवऱ्याच्या बुत्सुदानापुढे बसवले, तेव्हा मी आईने शिकवले होते तसे हात जोडले. आमचा संदेश तिने शेवटपर्यंत ऐकला नाही. बदली झाली त्या दिवशी तिने वर्तमानपत्रात बांधून संत्री दिली आणि मी नजरेआड होईपर्यंत ती फाटकाशी उभी होती. तिच्यासाठी मी आजही प्रार्थना करतो.

माझ्या वेळी घरी फोन करण्याची परवानगी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला असे, त्यामुळे दोन दिवाळ्या आईचा आवाज न ऐकता गेल्या. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला बोलता येते. या सवलतीचा उपयोग हसरी छायाचित्रे दाखवण्यापुरता करू नकोस. आठवडा वाईट गेला असेल तर आईला तसे सांग. काय जेवलास, पाऊस किती झाला, कोणत्या आजीने काय म्हटले, हे सांग. तिचा तुझ्या निर्णयाला अजून मनापासून होकार नाही, आणि तिच्या नकाराचाही मान तुलाच राखायचा आहे.

निघण्यापूर्वी एका रविवारी दुपारी दोघेही घरी या. गेल्या महिन्यात क्यूशूहून एका जुन्या स्नेह्याने मुगिचाचे पाकीट पाठवले आहे. आईसाठी तिच्या आवडीचा, आले घातलेला चहा तुझी काकू करील.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका