एकाच पीसीला दोन आयपी, नावाने पिंग केल्यावर चुकीचा पत्ता का येतो?

ऑफिसच्या डोमेनमधल्या तुमच्या विंडोज पीसीचं नाव पिंग केलं (म्हणजे तो पीसी उत्तर देतो का ते कमांडने तपासलं) की कधी १९२.१६८.५६.१ येतो आणि उत्तर मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हा बहुधा व्हर्च्युअलबॉक्स या पीसीच्या आत आभासी पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या होस्ट-ओन्ली, म्हणजे त्या पीसीपुरत्याच आभासी नेटवर्क कार्डाचा पत्ता आहे. तो त्या पीसीबाहेर पोचतच नाही. पण विंडोज प्रत्येक कार्डाचा पत्ता डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरवर, नोंदवतं, आणि सर्व्हर एकाच नावाचे पत्ते आलटून पालटून पुढे करतो. म्हणून कधी चालतं, कधी नाही.

आधी एनएसलुकअप या थेट डीएनएसला विचारणाऱ्या कमांडने नाव विचारा. दोन पत्ते दिसले तर हेच कारण. (एनएसलुकअप होस्ट्स फाइल, म्हणजे पीसीवरचीच नावं-पत्त्यांची यादी, बघत नाही, पिंग बघतं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर ती फाइल जरूर उघडा.)

त्या कार्डाच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, डीएनएस टॅबमध्ये पत्ता डीएनएसमध्ये नोंदवण्याची खूण काढा. मग सर्व्हरवरची त्या पत्त्याची जुनी ए-नोंद (नावासमोर आयपी लिहिलेली नोंद) ॲडमिनकडून पुसून घ्या. हे राहिलं तर त्रास तसाच चालू राहतो. शेवटी ज्या मशीनवरून पिंग करता तिथे साठवलेली जुनी उत्तरं पुसायला 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' (ipconfig /flushdns) चालवा. प्रत्येक पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये पत्ता लिहून ठेवू नका, आयपी बदलला की सगळीकडे शोधत बसावं लागेल.