राष्ट्रीय स्पर्धेला पहिल्यांदा जाताना

अगं, बुद्धिबळाच्या ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, तयारी तू करशीलच. आपल्या नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीमुळे इथल्या पोरांना आता ओपनिंगची गोडी लागलीच आहे. मी सांगतो ते पटाबाहेरचं आहे, आणि माझा अर्धा गुण त्यातच गेलाय.

हत्तींचा शेवट होता, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि प्यादी एवढंच उरलं होतं, आणि मी एक प्यादं मागे. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरीचा दावा करून अर्धा गुण घेता येतो, आणि ती येणार हे मला दिसलं. आनंदाच्या भरात हत्ती हलवला, घड्याळ दाबलं आणि मगच पंचांना हाक मारली. दावा फेटाळला गेला, कारण चाल खेळून झाली होती. पुढच्या चालीला समोरच्याने वेगळी वाट धरली आणि मी हरलो. तेव्हा नीट लक्षात ठेव: तिसरी पुनरावृत्ती तुझ्या चालीने होणार असेल, तर ती चाल आधी फक्त कागदावर लिही, मोहऱ्याला हात लावू नकोस, घड्याळ थांबव आणि पंचांना बोलाव. दावा चुकला तर समोरच्याला 2 मिनिटं जास्त मिळतात, म्हणून आधीच्या चाली नीट तपास.

हे सगळं चालींच्या नोंदीवर अवलंबून आहे. घड्याळात दर चालीला 30 सेकंद वाढत असतील, तर वेळ संपत आली तरी लिहिणं सुटत नाही. अक्षर सुवाच्य ठेव.

मोहरं सरळ करायचं असेल तर आधी तसं बोल, मग हात लाव. मोबाईल बाबांकडे दे. आणि नाशिकरोडहून आदल्या दिवशीची गाडी पकड, रात्रभर प्रवास करून थेट पहिल्या फेरीला बसू नकोस.